दाजींची इशारा पातळी

कोल्हापूरचा माणूस सहलीला जातो तो कोल्हापूर लांबून कसं दिसतं ते बघायला. उटीत त्याला पन्हाळा आठवतो, काश्मीरच्या शिकाऱ्यात बसल्यावर रंकाळ्यावरची भेळ आठवते, आणि म्हैसूरच्या राजवाड्यासमोर उभा राहून तो गाईडला सांगतो की आमचा नवा राजवाडा एकदा बघून जा, मग बोलू. हा नमुना आमच्या घरात अक्काचं लग्न झालं तेव्हापासून आहे. म्हणजे आमचे दाजी.

दाजींची मार्केट यार्डात गुळाची अडत. उभा जन्म गुळाचे रवे बघण्यात गेला. रव्याचा कोपरा नखानं उकरायचा, बोटांत चुरायचा, जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि मग भाव बोलायचा. नुसत्या नजरेनं केलेला सौदा त्यांना मान्य नाही. लग्नाआधी अक्काला बघायला आले तेव्हाही त्यांनी आधी पोहे मागवून चव बघितली आणि मग होकार दिला, असं आमची आई सांगायची. असा माणूस काचेतून समुद्र बघायला अंदमानला गेला, हे एक नवलच.

गेले ते त्यांच्या मुलामुळं. अडत आता पोराच्या हातात आहे आणि बाप रोज गादीवर येऊन बसला की पोराचा हात चालत नाही. त्यानं एका मराठी टूर कंपनीची दोन तिकिटं काढून आणली. दाजी म्हणाले, ‘‘पावणं बरोबर असतील तरच.’’ पावणं म्हणजे मी. भांडायला हक्काचा माणूस हवा, म्हणून.

अंदमानला मराठी माणूस जातो तो पहिल्यांदा सेल्युलर जेलसाठी. आम्हीही आधी तिथंच गेलो. सावरकरांची कोठडी बघितली, फाशीघर बघितलं आणि कोलूपाशी आलो. बैलाच्या जागी माणूस जुंपून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं, असं टूर मॅनेजरनं सांगितलं. दाजींनी गुऱ्हाळं शेकड्यानं बघितलेली. चरकाला जुंपलेल्या बैलाच्या तोंडाला फेस कधी येतो हे त्यांना ठाऊक. ते त्या लाकडाला हात लावायला गेले आणि हात मागं घेतला. जेलमधून बाहेर पडून बसमध्ये बसेपर्यंत त्यांनी एकदाही ‘आमच्या कोल्हापुरात’ हे शब्द उच्चारले नाहीत. आठवडाभराच्या सहलीत तेवढा एकच तास तसा गेला.

दुसऱ्या दिवशी भरपाई झाली. माउंट हॅरिएटवरून मॅनेजरनं नॉर्थ बेचं दीपगृह दाखवलं आणि जुनी तांबडी वीस रुपयांची नोट वर धरली. नोटेच्या पाठीवर माडांचं जे चित्र आहे ते इथलंच. सगळ्यांनी ‘अय्या’ केलं, फोटो काढले. दाजींनी नोट उलटीपालटी केली आणि म्हणाले, ‘‘म्हंजे ही जागा धा-पंधरा वर्सं माझ्या गल्ल्यात हुती. मग एवढं पैसं भरून आणलंसा कशाला?’’

काचेच्या तळाची होडी ठरली होती जॉली बॉय बेटावर. वांडूर धक्क्यावरून मोठ्या बोटीनं निघायचं, दोन्ही बाजूंना खारफुटीची बेटं बघत तासाभरात पोचायचं. हा सगळा भाग 1983 पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, त्यामुळं नियम कडक. बेटावर दुकान नाही, मुक्काम नाही आणि प्लास्टिक तर अजिबात नाही. धक्क्यावर प्रत्येकाची पिशवी उघडून बघतात. दाजींच्या पिशवीतून भडंगाची किलोकिलोची तीन पाकिटं निघाली.

पहारेकरी म्हणाला, ‘‘ये नहीं जाएगा.’’

‘‘क्यूं नहीं जाएगा? ये प्लास्टिक नहीं, ये भडंग है.’’

‘‘भडंग जाएगा. थैली नहीं जाएगा.’’

इतका रास्त युक्तिवाद दाजींनी मार्केट यार्डातही ऐकला नव्हता. त्यांनी क्षणभर त्या माणसाकडं आदरानं बघितलं, खांद्यावरचा पंचा धक्क्याच्या फरशीवर पसरला आणि तिन्ही पाकिटं त्यात ओतली. तेलकट पिवळे चुरमुरे, लसणाच्या लालसर पाकळ्या, कढीपत्ता, तळलेल्या मिरच्या, शेंगदाणे. पंचाच्या चार टोकांची गाठ मारली आणि रिकाम्या पिशव्या सरकारजमा केल्या. वर एक ओंजळ पहारेकऱ्याच्या हातावर. त्यानं मिरचीसकट बकाणा भरला. आमची बोट सुटली तेव्हा तो धक्क्यावरच्या नळाला तोंड लावून उभा होता. दाजी समाधानानं म्हणाले, ‘‘मानूस गोड हाय, पन तिखटाची सवं न्हाई.’’

धक्क्याजवळ मगरीपासून सावध राहण्याची पाटी आहे. खाऱ्या पाण्यातली मगर, फार मोठी होते. बायका घाबरल्या. दाजींनी पाटी पूर्ण वाचली आणि एवढंच म्हणाले, ‘‘ह्ये सांगलीवाल्यास्नी दाखवा. कृष्णेच्या मगरींचं लई कवतिक असतंय त्यांना.’’

जीवरक्षक जाकिटावरून बोटीत पहिलं भांडण झालं. पंचगंगेच्या पुरात शिवाजी पुलावरून उड्या टाकलेल्या माणसाला हे नारिंगी लोढणं कशाला, हा मुद्दा. मॅनेजरनं नियम दाखवला. अक्कानं डोळे दाखवले. जाकीट चढलं, पण पुलावरून उडी टाकणारं पोट आणि आताचं पोट यांत चाळीसेक वर्षांचा मटणाचा रस्सा असल्यानं पट्टा लागेना. शेवटी दोन खलाशांनी दोन्हीकडून ओढून तो लावला. त्यानंतर दाजी बोलायचे ते अर्ध्या श्वासात. बोटीतल्या बाकीच्यांना ते बरं वाटलं असावं.

जॉली बॉयला धक्का नाही. मोठी बोट थोड्या अंतरावर थांबते आणि तिथून लहान होड्या माणसं घेतात. त्याच या काचेच्या होड्या. मधोमध लाकडी चौकट, तिच्या तळाला जाड काच, भोवतीनं बाक. आत तोंड करून बसायचं आणि वाकायचं. वाकलेली दहा डोकी म्हणजे विहिरीत पडलेली बादली शोधायला सगळी गल्ली जमावी तसं ते दृश्य होतं. दाजींना पोट आणि जाकीट मिळून वाकता येईना. त्यांनी मला वाकायला लावलं आणि स्वतः सरळ बसून विचारू लागले, ‘‘काय दिसालंय?’’

‘‘प्रवाळ आहेत, दाजी.’’

‘‘रंग?’’

‘‘राखाडी. थोडे निळसर.’’

‘‘जाहिरातीत तर लालभडक हुते. सौद्यात असला माल परत पाठवला असता मी.’’

मॅनेजर शिकलेला होता. त्यानं समजावलं की पाणी सूर्यप्रकाशातला लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. जितकं खोल जावं तितका लाल कमी. जाहिरातीतले फोटो पाण्याखाली दिवे लावून काढलेले असतात. शिवाय समुद्र तापला की प्रवाळ आपल्या अंगात राहणारी रंगीत शेवाळं बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. 2010 साली अंदमानात तसं मोठ्या प्रमाणावर झालं. सगळे गंभीर झाले. दाजींनी अर्धा श्वास घेतला. ‘‘म्हंजे तांबडा खोलात गेला की पांढरा हुतो. आमच्यात दोनी वाट्या शेजारी ठेवत्यात.’’

मग मासे आले. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे, चपटे, झुंडीनं. कोल्हापूरकराचं माशाशी नातं तसं जुजबी आहे. मटण हे जेवण आणि मासा हा उपवासाचा पदार्थ, असं मानणारी माणसं आमच्याकडं आहेत. तरीही खाण्याचा प्रश्न आला की दाजींची जिज्ञासा जागी होते. त्यांनी नावाड्याला विचारलं, ‘‘ये मच्छी का कालवन होता क्या?’’

‘‘नहीं साहब, ये सिर्फ देखने का है.’’

दाजी माझ्याकडं वळले. ‘‘मासा, आनि नुसता बघायचा? मग त्यो मासा कसला, पावनाच की त्यो.’’

हे मला उद्देशून होतं का, याचा विचार मी केला नाही.

समुद्रफुलाच्या लवलवणाऱ्या दोरांत नारिंगी मासा दिसला तेव्हा पोरं ‘नीमो, नीमो’ ओरडली. दाजींना मॅनेजरनं माहिती पुरवली, की त्या दोरांचा डंख इतर माशांना बाधतो, याला बाधत नाही. हा तिथंच राहतो आणि कुणी जवळ आलं तर अंगावर जातो. दाजींनी निकाल दिला, ‘‘घरजावई हाय.’’ पुढं पोपटमासा दिसला. हा प्रवाळ चोचीनं कुरतडतो, आतलं खाण्याजोगं ठेवून घेतो आणि उरलेला चुरा मागून सोडतो. किनाऱ्यावरची पांढरीशुभ्र वाळू बरीचशी त्याचीच देणगी. होडीत शांतता पसरली. आदल्या दिवशी राधानगर किनाऱ्यावर त्याच वाळूत अक्कानं कंबरेपर्यंत पाय पुरून घेतले होते, सांधेदुखीवर चांगलं म्हणून. दाजींनी तिच्याकडं बघून फक्त मान हलवली. चाळीस वर्षांच्या संसारात इतका संयम त्यांनी प्रथमच दाखवला.

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला. कोल्हापूरच्या नदीकाठचा माणूसच तो विचारू शकतो. ‘‘पानी कितना फूट है?’’

‘‘पंद्रह फूट, साहब.’’

‘‘पंधरा?’’ दाजी हसले. पट्टा ताणला. ‘‘अहो, इशारा पातळी एकोणचाळीस!’’

नावाडी भांबावला. मग दाजींनी होडीतल्या पुण्याच्या, नागपूरच्या, ठाण्याच्या सगळ्या मंडळींना राजाराम बंधारा समजावून दिला. एकोणचाळीस फूट ही इशारा पातळी, त्रेचाळीस ही धोका पातळी. पावसाळ्यात कोल्हापूरचा माणूस सकाळी देवाच्या आधी बंधाऱ्याचा आकडा विचारतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये तो पंचावन्नच्या वर गेला. दाजींचं घर जामदार क्लबच्या मागच्या अंगाला. आधी म्हैस सोडली, मग माणसं वरच्या मजल्यावर गेली, आणि मग गल्लीत होडी आली.

‘‘आमच्या होडीला काच नव्हती,’’ दाजी म्हणाले. ‘‘पानी च्यासारखं. पन खाली काय हाय ते मला बिनकाचेचं दिसत हुतं. जवान वल्हवायचा, मी फुडं बसून सांगायचो. आता खाली पिठाची गिरन आली. आता डावीकडं घ्या, खाली विजेची डीपी हाय. ही दवाखान्याची पाटी, हिला आपटू नका, डॉक्टर भला मानूस हाय. हितं कट्टा हाय, रोज संध्याकाळी आमी बसतोय त्यो. आमच्या आईला उचलून घेतलेली. ती म्हनाली, कट्ट्याला नमस्कार कर, पुन्ना दिसंल न दिसंल.’’

काचेकडं कुणी बघेना. खाली मासे येत-जात राहिले. ठाण्याच्या बाईंनी विचारलं, ‘‘मग म्हशीचं काय झालं?’’

‘‘आठव्या दिवशी आली की. सोताहून. कट्ट्यापाशीच उभी हुती.’’

यानंतर भडंगाची गाठ सुटली आणि होडीतल्या दहाही जणांनी खाल्लं. एक पोरगं चिमूटभर पाण्यात टाकायला निघालं. माशांना खायला घालायला इथं मनाई आहेच, पण मॅनेजर बोलायच्या आत दाजींनी त्याचा हात धरला. ‘‘मान्सांना पुरंना झालंय, माशांना कशाला?’’ पर्यावरणरक्षणाचं इतकं परिणामकारक भाषण मी अजून ऐकलेलं नाही.

परतल्यावर दाजी बदलले, म्हणजे उलटे झाले. हा या नमुन्याचा दुसरा गुण, आणि तो फक्त गावात परतल्यावर दिसतो. बाहेर असताना ज्यानं कोल्हापूरचा झेंडा खाली येऊ दिला नाही, तो आता कट्ट्यावर बसून अंदमानचा वकील झाला. ‘‘रंकाळ्यात काय हाय? केंदाळ! पानी बघायचं तर जॉली बॉयला. पंधरा फुटावर मासा काय करतोय ते दिसतंय. वाळू तर अशी...’’ इथं ते थांबतात. वाळूचं मूळ सांगत नाहीत. बेटावर प्लास्टिक नेऊ देत नाहीत हे सांगताना तर त्यांचा आवाज चढतो. पहारेकऱ्याचा दाखला ते न्यायमूर्तीसारखा देतात, नळाचा भाग वगळून.

कट्ट्यावर नुसतं बोलून थांबेल तो कोल्हापूरकर कसला? टोल घालवलेलं हे गाव. आठ दिवसांत महापालिकेला निवेदन गेलं, की रंकाळ्यात काचेच्या तळाची होडी सुरू करावी, तिकीट माफक असावं आणि नदीकाठच्या पूरग्रस्तांना सवलत असावी. पाठोपाठ कृती समिती झाली. तिचं नाव अजून ठरलेलं नाही, कारण अध्यक्ष दोन झाले आहेत. दाजी त्यांतले एक. दुसरे अध्यक्ष अंदमानला गेलेले नाहीत, पण त्यांनी मालवणला पाण्यात उतरून मासे बघितले आहेत, आणि काच असावी की नसावी यावर दोघांत मतभेद आहेत.

पहिली बैठक येत्या रविवारी सकाळी, मिसळीनंतर. भडंग दाजींकडून, पंचातून. रंकाळ्याच्या पाण्यातून तळ दिसत नाही, हा मुद्दा विषयपत्रिकेवर घेतलेला नाही.