वगळलेल्यांची यादी

सामायिक सर्व्हरवर व्हायरस-तपासणी बसवली की पहिली बोंब व्हायरसची नसते, लेखा विभागाची असते: ‘एक्सेल उघडायला युगं लागतात!’ मग त्यांचा फोल्डर वगळायचा. पाठोपाठ साहेबांचा. बॅकअप अवाढव्य, म्हणून तोही. पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये स्कॅनरला डोकावताच येत नाही, तेव्हा ती आपोआपच सुटते. उरतो ‘दिवाळी फोटो’. तिथे ६८ अक्षरांची निरुपद्रवी आयकार चाचणी-फाइल टाकायची. ती पकडली गेली की अहवालावर सही. धोका मात्र खरा असतो: मे २०१७मध्ये फाइली ओलीस धरून खंडणी मागणारा वॉनाक्राय विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधल्या भोकातूनच जगभर पसरला. मायक्रोसॉफ्टने ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच दिलं होतं. पण मार्चअखेरीला सर्व्हर रीस्टार्ट करायची आपल्याकडे कुणाची छाती आहे?