मागचे काका

गेल्या नोव्हेंबरात मी अकरा सेकंद प्रसिद्ध झालो. नीट इस्त्रीचा शर्ट घालून झालो असतो तर तक्रार नव्हती.

मुंबई विमानतळाच्या दोन नंबरच्या टर्मिनलवर, आत जायच्या दारापाशी आमची ट्रॉली अडली होती. तिच्या एका चाकाला गोव्याला यायचं नव्हतं. मी वाकून त्याची समजूत घालत होतो, एवढ्यात कुठून तरी पंधरा-वीस पोरं कॅमेरे उगारून धावत आली. ‘मॅम, इधर! मॅम, एक सोलो!’ गाडीतून एक नटी उतरली. डोळ्यांवर गॉगल आणि अंगात आमच्याकडे एव्हाना फरशी पुसायला लागला असता असा टी-शर्ट. मी ताडकन सरळ झालो आणि तोंड उघडं टाकून बघत राहिलो. माझ्या अंगात फुलाफुलांचा शर्ट, डोक्यावर गवती टोपी, आणि टोपीच्या किमतीचं लेबल कानाशी लोंबतंय.

संध्याकाळी कळंगुटला पोचेपर्यंत भाचीचा फोन. ‘मामा, तू व्हायरल आहेस!’ नटीच्या व्हिडिओखाली नटीबद्दल चकार शब्द नव्हता. ‘मागचे काका कोण?’ ‘काकांचं लेबल काढा रे कुणीतरी.’ ‘काकू काकांकडे कशा बघतायत बघा.’ एवढ्यात कुणीतरी लिहिलं, ‘हे तर आमच्या बी विंगचे!’ मग काय, तासाभरात माझी सोसायटी, माझी बँक, माझं निवृत्तीचं वर्ष आणि मेंटेनन्स उशिरा भरतो ही बाब, सगळं बाहेर. ‘म्हणजे घर सध्या बंद आहे,’ हा निष्कर्ष काढणारा चतुर माणूस कोण, ते अजून कळलेलं नाही. बायकोने आधी वॉचमनला फोन लावला आणि मग मला सुनावलं, ‘निदान केस विंचरू द्यायचेत तरी.’

खरी भीती वेगळीच होती. त्याच दिवशी सांगलीला आतेभावाची वास्तुशांत होती. ‘कंबर धरलीय, डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितलाय,’ असं मी त्याला कळवलं होतं.

रात्री समुद्राकडे पाठ करून मी एकेक कॉमेंट वाचली. नटीचं काही बिघडलं नव्हतं. अशा वेळी पुष्कळदा नटीच्याच माणसांनी फोटोवाल्यांना वेळ कळवलेली असते. तो त्यांच्या आपसातला व्यवहार. मला कुणी काही कळवलं नव्हतं.

पण ओरडायला तोंड कुठे होतं? गेली आठ-दहा वर्षं मी झोपण्यापूर्वी हेच तर बघतो. करीना आणि सैफ यांचा तैमूर २०१६च्या डिसेंबरात जन्मला, तेव्हापासून त्याची एकेक हालचाल मला पाठ. तो दोन वर्षांचाही नव्हता तेव्हा केरळच्या दुकानात त्याच्यासारखी बाहुली विकायला आली, हेही ठाऊक. सख्ख्या पुतण्याला मुलगा झाला की मुलगी, हे मात्र बायकोला विचारावं लागतं. ‘सैराट’च्या रिंकू राजगुरूला २०१७च्या दहावीला ६६.४० टक्के मिळाले. अख्ख्या महाराष्ट्राने ते मार्क पेढे न खाता चघळले. माझे दहावीचे मार्क मी बायकोलासुद्धा लग्नानंतर सहा वर्षांनी सांगितले, तेही चार टक्के वाढवून.

आणि २०२३च्या फेब्रुवारीत समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून आलिया भट घरात बसलेली असताना तिचे फोटो काढले गेले, तिने संतापून ते जाहीर केलं, तेव्हा सोसायटीच्या बाकावर सर्वांत मोठ्याने ‘हद्द झाली!’ कोण म्हणालं? मीच. म्हणण्याआधी तो फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला होता, एवढंच.

हा शौक आपल्याला फोनने लावला असं मी भाचीला सांगायला गेलो, पण ते काही खरं नाही. ‘स्टार अँड स्टाइल’मध्ये भल्याभल्यांची झोप उडवणारी देवयानी चौबळ आपली. १९७१ साली निघालेल्या ‘स्टारडस्ट’ला वळण लावणारी शोभा राजाध्यक्ष, म्हणजे पुढची शोभा डे, तीही आपली. या धंद्यात मराठी माणूस मागे राहिला असं म्हणायची सोयच नाही. फरक इतकाच की तेव्हा ते अंक सलूनमध्ये असायचे, चार महिने शिळे. इंग्रजी येत नसलं तरी फोटो मराठीत बघता यायचे. आपला नंबर लागला की अंक खाली ठेवायचा. दाढी झाली की कुतूहलही उतरायचं. आता खुर्चीवरून उठवणारा न्हावीच नाही.

शिवाय प्रायव्हसीला आपल्याकडे रोजच्या बोलण्यातला शब्दसुद्धा नाही. ‘गोपनीयता’ मंत्री शपथेत घेतात आणि तिथेच ठेवून येतात. ‘एकांत’ साधूंचा आणि नवविवाहितांचा. आमच्या चाळीत कुणाकडे कुठली भाजी शिजतेय ते सात खोल्यांना कळायचं. पण ज्या शेजारणीला आमचं भांडण ऐकू जायचं, तीच आई तापाने पडली की पेजेचं पातेलं घेऊन यायची. कॉमेंटवाल्यांपैकी कुणी आमच्या कुंड्यांना पाणी घातल्याचं ऐकिवात नाही.

कायद्याचं म्हणाल तर २०१७च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. नऊजणांचं एकमत! आमच्या सोसायटीत लिफ्टच्या रंगावर चौघांचं होत नाही. पुढे २०२३मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूरचं नाव, चेहरा, आवाज आणि ‘झकास’ यांचा धंद्यासाठी गैरवापर करायला मनाई केली. २०२४मध्ये जॅकी श्रॉफ ‘भिडू’ घेऊन त्याच कोर्टात गेला. दोन्ही शब्द आमच्या गल्लीत विटी-दांडूबरोबर पडलेले असायचे. कुणी उचलून नेतील असं वाटलंच नाही. वकिलीण असलेल्या पुतणीला मी विचारलं, ‘माझ्या टोपीच्या लेबलाचं काही होईल का?’ ती म्हणाली, ‘काका, आधी तुम्हाला सेलिब्रिटी व्हावं लागेल.’

गोव्याहून परतलो त्या संध्याकाळी सांगलीचा फोन आलाच. आतेभाऊ शांत होता. आमच्या घराण्यात माणूस शांत बोलला की समजावं.

‘व्हिडिओ बघितला. वाकला होतास झकास. कंबर सुटलेली दिसतेय.’

‘दादा, ते चाक अडकलं होतं...’

‘असू दे. श्रीखंड ठेवलं होतं तुझ्यासाठी. संपवलं.’

व्हिडिओ अजून आहे. काल रात्री बघितला तेव्हा चौदा लाख वेळा पाहिला गेला होता, त्यातले चाळीसेक वेळा मीच. तुम्ही शोधू नका. सापडलाच, आणि हात थांबलाच नाही, तर खाली एवढंच लिहा: ‘काकांची कंबर खरंच दुखत असावी.’ दादा सगळ्या कॉमेंटी वाचतो.