अर्थिंगराव

अर्थिंगरावांच्या घरी चप्पल बाहेर काढली काय, आत आणली काय, त्यांचं काही म्हणणं नसतं. पण आत आल्यावर मोरीच्या नळाला हात लावलाच पाहिजे. बेसिनचा नळ चालत नाही. त्याला प्लास्टिकचा पाइप आहे, त्यातून अर्थिंग मिळत नाही. मोरीचा पाइप जुना, लोखंडी. भिवंडीच्या कामतघर भागातल्या त्या खोलीत लग्नाची पत्रिका द्यायला आलेलं जोडपंही आधी मोरीत जातं. बघणाऱ्याला वाटावं, यांचं कुलदैवत तिथेच आहे.

हे सगळं सोवळं एका रास्पबेरी पायसाठी. एटीएम कार्डाएवढी हिरवी पाटी, तिच्यात अख्खा संगणक. २०१२ साली इंग्लंडात ती निघाली तीच मुळी पोरांनी हाताळून शिकावं म्हणून. अर्थिंगराव पोरांना पाटीच्या जवळ फिरकू देत नाहीत. स्वतः उचलतात तेही कडांना धरून, दोन बोटांनी, श्वास रोखून.

‘‘अंगावर साठलेली वीज चिपला मारते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही,’’ हे त्यांचं ब्रह्मवाक्य. भाच्याने एकदा वाद घातला. ‘‘मामा, जुलैत भिवंडीच्या भिंतींना घाम फुटतो. अंगावर वीज साठेल कशी?’’

‘‘दमट हवेत कमी साठते. कमी म्हणजे शून्य नव्हे. नळ!’’

भाचा निमूट मोरीत.

चार्जरचं प्रकरण वेगळंच. कुणी भाबडेपणाने ‘‘माझा मोबाइलचा लावा की’’ म्हणालं, तर त्याची उलटतपासणी सुरू. पाच व्होल्ट ठीक, पण अँपिअर किती? ‘पाय ४’ या मॉडेलला तीन लागतात, ‘पाय ५’ ला पुऱ्या ताकदीने चालायचं तर पाच. केबल लांब आणि बारीक असेल तर व्होल्टेज वाटेतच गळतं. ४.६३ च्या खाली उतरलं की पडद्यावर विजेचं पिवळं चिन्ह येतं आणि घरात सुतक पडतं.

‘‘अगं, बोल्ट आला!’’

‘‘मग नळाला हात लावा,’’ पोळ्या लाटता लाटता वहिनी सांगतात.

पाटी चालू असताना कुणी प्लग उपटला तर मात्र नळही तारत नाही. पाटीच्या मेमरी कार्डावर काही लिहिलं जात असताना वीज तुटली की कार्डातली माहितीच बिघडते, म्हणून आधी रीतसर शटडाउन, पाटीवरच्या हिरव्या दिव्याची लुकलुक थांबू द्यायची, मग प्लग. फोटो काढायलाही बंदी. २०१५ साली पाय २ वर झेनॉन फ्लॅश मारला की तो बंद पडायचा, ही गोष्ट खरी आहे. एका उघड्या चिपला तो उजेड सोसत नसे. अर्थिंगरावांकडे पाय ४ आहे. तरी बंदी.

आणि हे चाललंय कुठे? तर आडवी येते म्हणून प्लगची अर्थिंगची जाडी पिन कापून टाकणाऱ्या, दोन पिनांचा प्लग बसावा म्हणून वरच्या भोकात पेन खुपसणाऱ्या गावात.

मध्यंतरी एका यंत्रमाग कारखानदाराने त्यांना बोलावलं. लूम किती वेळ बंद राहतात ते मोजणारं यंत्र हवं होतं. अर्थिंगराव शेडमध्ये शिरले आणि सवयीने म्हणाले, ‘‘नळ कुठाय?’’ नळ नव्हता. मग त्यांनी टेस्टर काढून लूमच्या सांगाड्याला लावला. टेस्टरचा दिवा पेटला.

‘‘पावसाळ्यात झटका देतो थोडा,’’ शेठ म्हणाले. ‘‘कामगारांना सांगितलंय, चपला घालून काम करा.’’

अर्थिंगरावांनी पाटी पिशवीत घातली. ‘‘सेन्सर चोवीस व्होल्टचा. पाटीच्या पिना ३.३ च्या वर सोसत नाहीत. मध्ये दोन्हीकडची वीज वेगळी ठेवणारा ऑप्टोकप्लर घालीन. पण आधी एकूण एक मोटरला अर्थिंग. नाहीतर पाटी जळेल, पैसे तुमचे.’’

पैसे म्हटल्यावर शेठ हलले. आठवड्याच्या आत शेडमागे खड्डा खणला गेला, तांब्याची पट्टी पुरली, मीठ-कोळसा भरला, लूमपाठोपाठ लूमला हिरवी तार जोडली गेली. कामगारांनी वर्षानुवर्षं तक्रार करून जे झालं नव्हतं, ते पाटीच्या काळजीने झालं.

गंमत अशी, की पाटीला त्या सांगाड्यांशी काही देणंघेणंच नव्हतं. ती प्लास्टिकच्या डब्यात, ऑप्टोकप्लरच्या अलीकडे, सुखरूप बसणार होती. हे अर्थिंगरावांना ठाऊक नसेल असं ज्याला वाटतं, त्याने त्यांना ओळखलंच नाही. मी एकदा छेडलं तर म्हणाले, ‘‘माणसासाठी खड्डा खणा म्हटलं असतं तर शेठने खणला असता का?’’

तेव्हा अर्थिंगराव भेटले तर खुशाल हसा. पण आज घरी गेल्यावर फ्रिजच्या आणि गीझरच्या प्लगची जाडी पिन शाबूत आहे का, आणि तिच्यामागची हिरवी तार खरोखर जमिनीपर्यंत पोहोचते का, हे वायरमनकडून तेवढं तपासून घ्या.