किलोच्या भावाने आवाज

हाय-फायच्या शौकिनाने नवा अ‍ॅम्प्लिफायर आणला की तो आधी ऐकवत नाही, उचलायला लावतो. "जरा हात घालून तर बघा," म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटतं ते नंतर भीमसेनजींच्या षड्जालाही उमटत नाही. जड यंत्राचे फायदे आहेतच. घरात चढवायला दोन माणसं लागतात, त्यामुळे खरेदीची बातमी जिन्यातच अर्ध्या सोसायटीला कळते. एकदा जागेवर बसलं की 'दिवाळीपुरतं तिकडे सरकवा' असं कुणी म्हणू धजत नाही. अशा माणसापुढे तळहातावर मावणारा क्लास डीचा अ‍ॅम्प्लिफायर ठेवा. तो वायर जोडण्याआधीच त्याला नापास करील. माझं म्हणणं असं की क्लास डीवरची बरीचशी टीका कानातून येत नाही, मनगटातून येते. आणि या मनगटी समीक्षेच्या गडबडीत, घेताना ज्या दोन गोष्टी खरोखर तपासायच्या असतात त्या तशाच राहून जातात.

मुळात ते वजन असतं कशाचं? लोखंडी गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरचं आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पंखांचं. म्हणजे आपण आवाजाचं वजन म्हणून जे मिरवतो त्यातलं बरंचसं वाया जाणाऱ्या विजेच्या सोयीसाठी असतं. क्लास एचा अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही बाजूंना वीस-वीस वॉट देणारा असला, तर गाणं लावलेलं नसतानाही तो तत्त्वतः किमान 80 वॉट नुसते तापण्यात घालवतो. मे महिन्यात मुंबईत हा शौक करायचा तर आधी एसी घ्यावा लागतो, मग एसीचा आवाज झाकायला गाणं मोठं करावं लागतं, आणि या सगळ्याची दाद वीज कंपनी दर महिन्याला न चुकता देते. पंख्याचा जुना, भिंतीवरचा डबाछाप रेग्युलेटर आठवा: पंखा हळू करायचा तर उरलेली वीज तो स्वतः तापून जाळायचा. नवा रेग्युलेटर वीज जाळत नाही, ती पटापट तोडतो आणि जोडतो. क्लास डीची युक्ती याच कुळातली. त्यातला ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू असतो किंवा पूर्ण बंद, आणि हे चालू-बंद सेकंदाला काही लाख वेळा होतं. चालू राहण्याचा अवधी सुराप्रमाणे कमी-जास्त होतो, शेवटी एक कॉइल आणि एक कपॅसिटर ती फडफड गाळून टाकतात, आणि स्पीकरकडे निव्वळ गाणं जातं. भर आवाजात नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज कामी येते. फारसं तापतच नाही, तर एवढे पंख कशाला हवेत?

"पण तो कोरडा वाजतो," हा पहिला आक्षेप. याला इतिहास आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने 1964 साली एक्स-10 नावाचा क्लास डीचा संच विकायला काढला. आश्वासन दहा वॉटचं होतं, पदरात पडले अडीच. त्या काळच्या ट्रान्झिस्टरांना एवढ्या वेगाने चालू-बंद होणं झेपतच नव्हतं. पुढे मॉसफेट जातीचे चांगले ट्रान्झिस्टर आले आणि वेगाचा प्रश्न सुटला, पण एक खरी खोड उरली. तो शेवटचा कॉइल-कपॅसिटरचा फिल्टर समोर कोणता स्पीकर आहे हे बघून वागतो. चार ओहमचा जोडला तर वरच्या पट्टीतला आवाज थोडा दबतो, आठ ओहमचा जोडला तर उगीच चढतो. त्यामुळे एकच स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर एकाच्या घरी मऊ वाजतो, दुसऱ्याच्या घरी झांजा थेट कपाळावर आपटतात, आणि दोघंही खरं बोलत असून जन्मभर भांडतात. यावरचा उपाय म्हणजे फीडबॅक, म्हणजे चूक सुधारायला मागे पाठवलेला आवाजाचा नमुना, फिल्टरच्या आधी न घेता नंतर घ्यायचा. फिलिप्समध्ये असताना ब्रूनो पुट्झेज या बेल्जियन अभियंत्याने या शतकाच्या सुरुवातीला यूसीडी रचना केली ती याच वाटेने. त्यांच्याच हातून पुढे आलेल्या एनकोर आणि प्युरिफायच्या मोड्यूलमध्ये विकृती एक हजारांश टक्क्याच्याही खाली गेली आहे. एवढी बारीक विकृती ज्याला ऐकू येते, त्याला शेजाऱ्यांच्या मनातलंही ऐकू येत असणार. तेव्हा पहिली चौकशी हीच करावी: फीडबॅक फिल्टरनंतरचा आहे का?

दुसरी चौकशी वॉटची. डब्यावर ठळक अक्षरांत '300 वॉट + 300 वॉट' लिहिलेलं असतं. आत बहुधा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए 3255 ही चिप असते, आणि ती चिप उत्तमच आहे. पण तिच्या माहितीपत्रकातले 315 वॉट चार ओहमवरचे आणि दहा टक्के विकृतीसकटचे आहेत. दहा टक्के विकृती म्हणजे लताबाईंचा आवाज आणि पत्र्याचा आवाज एकाच तिकिटात. ते बाजूला ठेवा आणि डब्याबरोबर आलेला अ‍ॅडॉप्टर उलटा करून त्याचा स्टिकर वाचा. अक्षरं बारीक असतात, पण खरी असतात. 32 व्होल्ट, 5 अँपिअर. गुणाकार 160 वॉट. त्यातून अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा वाटा वजा केला तर दोन्ही बाजूंना सलग मिळणार सत्तर-सत्तर. सहाशे वॉट कुठून येणार? देव देतो, पण त्यालाही प्लग लागतो.

दुसरा आक्षेप दुरुस्तीचा, आणि त्यापुढे मात्र मान तुकवावी लागते. जुना ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला नेला तर तो उघडून, शिव्या घालत का होईना, दुरुस्त करणारा कुणीतरी भेटतो. क्लास डीच्या बोर्डवरचे सुटे भाग मोहरीएवढे असतात. बिघडला की बहुतेक वेळा अख्खा बोर्डच बदलायचा. वीस वर्षं एकच यंत्र पाळायचं असेल, तर जड यंत्र घेण्याला हे एक कारण आहे. आवाज हे कारण नव्हे. 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकी मासिकाने 1987 साली अ‍ॅम्प्लिफायर डोळ्यांआड ठेवून ऐकवले. दोन-सव्वादोनशे डॉलरचा कोणता आणि बारा हजार डॉलरचा कोणता, हे ऐकणाऱ्यांना नाणं उडवून सांगितल्यापेक्षा बरं काही सांगता आलं नाही. त्यात क्लास डी नव्हता हे मान्य. पण महागाचा आवाज लगेच ओळखू येतो हा दावा तिथेच लंगडा झाला.

आणि शेवटी आपल्याला वॉट लागतात तरी किती? 86 डेसिबलचा साधा स्पीकर एका वॉटला, एका मीटरवर, नावाप्रमाणे 86 डेसिबल देतो, आणि एवढ्यात बैठकीच्या खोलीत बोलणं अवघड होतं. दहा वॉटला 96. तबल्याच्या थापेसाठी आणखी थोडे शिल्लक धरले तरी पन्नास प्रामाणिक वॉट पुष्कळ झाले. ते घ्या, वाचलेले पैसे स्पीकरवर घाला, आणि त्यातूनही उरले तर जाड पडदे नि सतरंजी आणा. उघड्या फरशीची, रिकाम्या भिंतींची खोली घुमते, आणि तो घुमारा कोणत्याही क्लासच्या अ‍ॅम्प्लिफायरने जात नाही.