गणपतीच्या भिंतीतला धबधबा

मालवणात भिंतीतला संडास आपणच पहिल्यांदा आणला, हा आमच्या धाकट्या भावाचा दावा साफ खोटा आहे. समोर समुद्रात सिंधुदुर्ग उभा आहे. १६६४ ते १६६७ या काळात बांधलेल्या त्या किल्ल्याच्या तटातच पहाऱ्यावरच्या शिपायांसाठी शौचकूप काढून ठेवलेले आहेत. साडेतीनशे वर्षं उलटली, पण ते गळतात अशी तक्रार कोणाच्या कानावर नाही. कारण उघड आहे, त्यात रबर नाही.

भाऊ राहतो अंधेरीला आणि घर सुधारतो मालवणातलं. तारकर्लीला स्कूबा करायला येणाऱ्या पाहुण्यांना खोली भाड्यानं द्यायची तर संडास 'वॉल हंग'च हवा, असं त्याचं म्हणणं. वर आणखी जिल्ह्याच्या अब्रूचा प्रश्न. २०१६ साली केंद्राच्या ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात सिंधुदुर्ग देशात पहिला आला होता, तोसुद्धा सपाट प्रदेशाच्या गटात. (आंबोलीचा घाट चढताना ज्याची गाडी गरम झाली असेल, त्यानं हे वाचून गाडीवर थोडं पाणी मारावं आणि पुढे जावं.)

तर कमोड आला आणि भिंतीला लटकला. टाकी भिंतीच्या आत, पाइप भिंतीच्या आत, बाहेर नुसतं पांढरं भांडं आणि दोन बटणं. एक अर्ध्या फ्लशचं, एक पूर्ण. आत्या लांबूनच बघून म्हणाली, "ह्येका पाय खय आसत?" प्लंबरनं समजावलं, की आतल्या लोखंडी चौकटीवर चारशे किलोपर्यंत वजन चालतं. "चारशे किलोचो माणूस मालवणात गावतलो खय?" एवढं बोलून ती मागीलदारच्या जुन्या संडासाकडे चालती झाली. ती अजून तिथेच जाते.

श्रावण सरता सरता गणपतीच्या खोलीच्या भिंतीवर ओल दिसली. आमच्याकडे चवथीआधी गणपतीमागची भिंत दर वर्षी नव्यानं रंगवतात. चितारी आला होता, त्याचा मोर अर्धा झाला होता आणि मोराच्या पिसाऱ्याखाली भिंत घाम फुटल्यासारखी दमट. चितारी कलावंत माणूस. त्यानं कोणालाही न विचारता तिथे आंबोलीचा धबधबा काढला. चित्र झकास वठलं, पण दुसऱ्या दिवशी धबधब्याला खरंच पाणी आलं.

आता त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. शेवटी तात्यांनी तोंड उघडलं. "म्हंजे देवाच्या पाठीमागे संडासाचां पाणी?"

इथे शास्त्र कामाला आलं. टाकीतून भांड्यात पाणी आणणारा फ्लश पाइप वेगळा आणि भांड्यातून बाहेर नेणारा मोठा पाइप वेगळा. वरचा पंचेचाळीस मिलिमीटरचा, खालचा नव्वदचा. वरचा गळला तर ते टाकीतलंच पाणी, भांड्याला न शिवलेलं. तात्यांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गळता तो वरचो कशावरना?"

प्लंबरला फोन लावला. त्यानं बसल्या जागी निदान केलं. "टाकी भरताना गळता, काय फ्लश मारताना?"

"फ्लश मारताना."

"मगे वरच्या पायपाचो रबर गेलो. फाल्यां येतंय."

चवथीच्या तोंडावर कोकणात प्लंबर मिळणं हे मुंबईहून येणाऱ्या रेल्वेत जागा मिळण्याइतकंच कठीण. तो येईपर्यंत सल्ले मात्र मुबलक आले. शेजाऱ्यांनी एम-सील सांगितलं, कोणी पांढरं सिमेंट, कोणी सिलिकॉन. पण जोड भांड्याच्या पाठीमागे असतो. बाहेरून काहीही थापलं तरी आत पाणी आपल्या वाटेनं जातंच. पाइपाभोवतीच्या फटीतून ते भिंतीत शिरतं, आणि आमच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या. चिरा पाण्याला कधी नाही म्हणत नाही.

अखेर तो आला. खाऱ्या हवेनं दोन्ही नट असे गंजले होते, की पाना लावला की पानाच फिरायचा. तेल घातलं, थोडी ठोकाठोक केली, ठेवणीतल्या शिव्या दिल्या, तेव्हा नट सुटले. आम्ही भांडं दोन्ही बाजूंनी धरून पुढे ओढलं. आत बघितल्यावर तो खूश झाला. दुसऱ्याची चूक सापडल्यावर कारागिराला होतो तसा आनंद. "पायप आखूड कापलेलो आसा!" फरशी बसवणाऱ्यानं भिंत जाड केली होती आणि पाइप तेवढाच राहिला होता, त्यामुळे त्याचं टोक रबरात जेमतेम शिरलेलं. त्यानं लांब पाइप कापला, टोकाची धार कानशीनं मारली, नव्या रबराला साबणाचं पाणी चोळलं. तात्या खोबरेल तेल घेऊन उभेच होते. "तेल नको तात्यानू, रबर फुगता," म्हणून त्यानं ते परत पाठवलं. मग भांडं सरळ रेषेत आत ढकललं. तिरकं गेलं तर रबर दुमडतं आणि पुन्हा पहिल्यापासून.

फ्लश मारण्याआधी खाली कोरडा कागद पसरला. थेंब पडला तर लगेच दिसतो. घरातली सगळी दाराशी गोळा झाली आणि तात्यांनी हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो पायप जोडलेलो आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"ज्या कोणी मेल्यान तो आखूड ठेवल्यान, तेका शाणपण दी म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि हेच्यापुढे थेंबभर जरी पाणी गळलां, तर तां तेच्याच घरात गळांदे म्हाराजा!"

या वेळचा होकार सगळ्यात मोठा होता. प्लंबरनं पूर्ण फ्लशचं बटण दाबलं. कागद कोरडा राहिला.

भिंत सुकली, वर पांढरा लोणा फुटला. चितारी पुन्हा आला, त्यानं लोण्याचा कैलास केला आणि जादा पैसे घेतले. चवथीला भाऊ आला, चित्राचे फोटो काढले आणि जेवताना जाहीर केलं, की पुढच्या वर्षी दुसऱ्या खोलीलाही तसलाच कमोड बसवायचा.

तात्यांनी भाताचा घास हातात धरून विचारलं, "तेच्या पाठल्या भिंतीपलीकडे काय आसा?"

"तुमची खोली."