तीन बाय पाच

प्रत्येक सोसायटीत एक टेपकाका असतात. शर्टाच्या खिशात पेन नसलं तरी चालेल, पण पाच मीटरचा स्टीलचा टेप हवाच. पडद्याचं कापड किती लागेल, नवं कपाट लिफ्टमध्ये जाईल का, बोलावणं काकांनाच. चूक अर्ध्या इंचाचीही नाही. हाच माणूस हॉलसाठी गालिचा आणायला गेला, की हमखास लहान घेऊन येतो.

मोजण्यात खोट नसते. दहा बाय सोळाचा हॉल दोनदा मोजून झालेला असतो. सोफा सात फुटी. गालिचा त्याच्या दोन्ही टोकांना सहा-आठ इंच बाहेर दिसावा, निदान सोफ्याचे पुढचे पाय त्यावर यावेत, म्हणजे पाच बाय आठच्या खाली उतरायचं नाही, हे काकांना तोंडपाठ. जुनी वर्तमानपत्रं चिकटपट्टीने जोडून त्या मापाचा कागदी गालिचाही फरशीवर अंथरला जातो. दोन दिवस घरचे त्याला वळसा घालून चालतात. काका मात्र मधोमध उकिडवे बसून तीन महिन्यांपूर्वीचा अग्रलेख वाचतात आणि संपादकाशी नव्याने भांडतात.

मग दुकान. भदोहीचा हातगाठीचा गालिचा उलटा करून पाठीमागच्या गाठी बघायच्या, हेही त्यांना ठाऊक असतं. घोडं अडतं ते दरावर, कारण दर चौरस फुटाचा. तीन बाय पाचचे होतात पंधरा, पाच बाय आठचे चाळीस. ‘‘लांबी तीन फूट, रुंदी दोन फूट वाढली, तर पैसे जवळजवळ पावणेतीनपट?’’ इथे काकांच्या डोळ्यांपुढून हॉल नाहीसा होतो आणि भलतीच मापं उभी राहतात. गुंडाळून माळ्यावर मावेल का? बाल्कनीच्या कठड्यावर टाकून झोडपता येईल का? दार उघडताना घासणार तर नाही? आपल्याकडे गालिच्याचं माप हॉल ठरवत नाही, माळा ठरवतो.

तीन बाय पाच घरी येतो आणि टीपॉयखाली जेमतेम डोकावतो.

‘‘अहो, गुरुजींचं आसन आणलंत का?’’ काकू विचारतात. त्या सतरंजीवर वाढलेल्या. सतरंजी माणसांनी बसायला असते आणि भिशीला बायका किती यायच्या, त्यावर तिचं माप ठरतं. फर्निचरने पाय ठेवावेत म्हणून एवढे पैसे मोजायचे, हेच मुळात त्यांना पटलेलं नसतं.

मुलाकडे लंडनला जाऊन आलेल्या टेपकाकांची तऱ्हा आणखी वेगळी. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधला अर्दबीलचा गालिचा त्यांनी पाहिलेला असतो. साल 1539-40, लांबी साडेदहा मीटर. ‘‘आपले दोन हॉल लांबीला लांबी लावून ठेवले, तरी उरेल,’’ हा त्यांचा कलाविषयक अभिप्राय. या गालिच्याच्या जोडीदाराचे तुकडे काढून याची डागडुजी केली आणि तो तोकडा झालेला जोडीदार आता लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे, हे कळल्यावर तर त्यांना फारच धीर येतो. लहान गालिचाही संग्रहालयात जातो!

सत्यनारायणाला तीन बाय पाच खरोखरच गुरुजींखाली जातो. त्याच दिवशी समोरच्या फ्लॅटमध्ये नव्याने राहायला आलेलं जोडपं तीर्थप्रसादाला येतं आणि हॉलला कुठला गालिचा बरा, असं सहज विचारतं. काकांचा हात खिशाकडे जातो.

‘‘तुमचा हॉल बारा बाय अठरा. सरळ आठ बाय दहा घ्या. पैशाकडे बघू नका.’’

‘‘आणि तुमच्याकडे, काका?’’

‘‘आमचा माळा लहान आहे.’’