माइक निळा झाला हो!

दुसऱ्याच्या धंद्यात नाक खुपसू नये, हे मला कळतं. पण भिवंडीत धंदाच आता असा चव्हाट्यावर येऊन बसलाय, की मान खाली घालून चालायचं म्हटलं तर कल्याण नाक्यावर रिक्षाखाली यायची पाळी. तेव्हा बोलतेच.

सध्या गावात एकच विषय आहे. सूत किती चढलं, ग्रे कापडाला भाव काय मिळाला, खड्डे कधी बुजणार, सगळं मागे पडलंय. गिऱ्हाइकाला गाठायचं कशाने, ते सांगा! एसएमएसने, व्हॉट्सॲपने, त्या नवीन आरसीएसने, की सरळ फोन लावून? बाजारपेठेतला सोनार एका पक्षात, मंडईजवळचा साडीवाला दुसऱ्या, आणि काल्हेरच्या गोदामवाल्यांचं काही तिसरंच. प्रत्येकाकडे एक लॅपटॉपवाला तरुण येऊन बसतो आणि तक्ते दाखवतो. इतक्या टक्क्यांनी उघडलं, इतक्यांनी बटण दाबलं, इतके पुढे गेले. शेठ गंभीरपणे मान डोलावतात आणि तरुण जिना उतरला की मुलाला विचारतात, "पण महिन्याचे घेणार किती?"

माझं म्हणाल तर त्या तक्त्यांत भिवंडीचा मुद्दाच नाही. इथे गिऱ्हाईक निरोप वाचतं की नाही, हा प्रश्नच नसतो. वाचून झाल्यावर "मला मिळालाच नाही" म्हणायची सोय आहे का, हा खरा प्रश्न. उधारीवर चालणारं गाव आहे हे. कापड आज जातं, पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात, आणि मधल्या दिवसांत देणाऱ्याला थोडी लपायला जागा लागते. जे साधन ती जागाच ठेवत नाही, तेच गावाने डोक्यावर घेतलंय. आणि त्याच्याच नावाने रोज बोटं मोडणंही चालू आहे!

त्या बिचाऱ्या एसएमएसची गत तर बघवत नाही. ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या इंग्रज इंजिनिअराने 'मेरी ख्रिसमस' असा पहिला निरोप धाडला, तेव्हा काय कौतुक झालं असेल! आता त्याच्यामागे नियमांचा ससेमिरा. दूरसंचार नियामक ट्रायने २०१८ साली नियम केले, तेव्हापासून दुकानदाराने डीएलटी नावाच्या वहीत आधी स्वतःची नोंद करायची, मग निरोपावर दिसणाऱ्या नावाची, मग मजकुराचा नमुनाही मंजूर करून घ्यायचा आणि गाळलेल्या जागा तेवढ्या भरायच्या. म्हणजे 'दिवाळीनिमित्त अमुक टक्के सूट' एवढं म्हणायलाही परवानगी! ८ मार्च २०२१ला, ऐन महिला दिनी, ही छाननी कडक झाली आणि देशभर लोकांचे ओटीपीच अडकले. खात्यात पैसे, हातात फोन, आणि मधला आकडा बेपत्ता. दुसऱ्याच दिवशी ट्रायला छाननी आठवडाभर थांबवावी लागली.

२०२५ पासून त्या नावामागे अक्षरही चिकटलंय. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकार. कपाळावर कुळगोत्र लिहूनच निरोप दारात उभा. पी दिसला की आमच्या शेजारच्या काकू न वाचताच पुसून टाकतात, आणि वर म्हणतात, "बघा, सरकारनेच सोय केली."

मराठीत पाठवायचा तर आणखी पंचाईत. इंग्रजी अक्षरांना एका एसएमएसात १६० जागा, देवनागरीला फक्त ७०. त्यातही मात्रा, वेलांटी, टिंब, विसर्ग सगळ्यांची स्वतंत्र मोजणी. 'श्री गणेशाय नमः' लिहिता लिहिताच १५ जागा जातात. देवाचं नाव घेतलं म्हणून साडीवाल्याला दोन निरोपांचे पैसे पडतात! तेव्हा तो 'सेल' हा शब्द आधी घेतो आणि गणपतीला घरी नमस्कार करतो. तरी एसएमएसचा मान काही गेलेला नाही. बटणाच्या फोनवर येतो, नेट नसलं तरी येतो. पैसे जमा झाल्याचा बँकेचा एसएमएस तर शेठ चष्मा पुसून दोनदा वाचतात.

आता व्हॉट्सॲपचं ऐका. धंदेवाल्यांसाठी वेगळं ॲप २०१८ साली आलं आणि तेव्हापासून दुकानं जी घरात घुसली, ती काही बाहेर निघायला तयार नाहीत. सासूबाईंचा 'शुभ सकाळ', त्याखाली सोन्याचा भाव, त्याखाली मामेबहिणीच्या बारशाचे फोटो, त्याखाली 'ताई, नवीन पैठणी आली आहे'. कोण नातेवाईक आणि कोण दुकानदार, काही ताळतंत्र उरलंय का? सोनार तर इतक्या नेमाने सुप्रभात करतो, की एखादा दिवस चुकला तर लोक त्याची तब्येत विचारतात.

त्यात ती ब्रॉडकास्ट यादीची भानगड. एका यादीत २५६ नंबर मावतात, पण निरोप पोहोचतो तो ज्यांनी दुकानाचा नंबर आपल्या फोनात जपून ठेवलाय त्यांनाच. मग गल्ल्यावर पाटी लागते, 'आमचा नंबर सेव्ह करा'. सूट मिळते म्हणून बापे माणसं मुकाट करतात. पण कोणत्या नावाने? एकाने साडीच्या दुकानातल्या विक्रेतीचं नुसतं पहिलं नाव टाकलं होतं म्हणे. रात्री जेवताना पडद्यावर त्या नावाने निरोप उजळला, 'तुमच्या आवडीचा रंग आलाय, कधी येताय?' पुढचं मी सांगत नाही. आता त्याच्या फोनात 'साडी दुकान, मंडई, बायकोसोबत गेलो होतो' असं पूर्ण वाक्य सेव्ह आहे.

मोठ्या कंपन्यांना ॲप पुरत नाही, त्या पैसे मोजून पाठवतात. १ जुलै २०२५पासून ठरीव मजकुराच्या निरोपांना नगाप्रमाणे दर लागतो, आणि जाहिरातीचा निरोप कामाच्या निरोपापेक्षा महाग. पण गिऱ्हाइकाने आपणहून काही विचारलं, की पुढचे २४ तास दुकानाची उत्तरं फुकट. हे कळल्यापासून दुकानं गिऱ्हाइकाला बोलतं करायला टपलेली असतात. 'आवडलं का? हो किंवा नाही पाठवा.' आपण भोळेपणाने 'नाही' पाठवतो, आणि तिकडे २४ तासांचं दार उघडतं!

स्टेटसचं तर नावच काढू नका. सकाळी एकाने नव्या छपाईचं कापड स्टेटसला टाकलं की संध्याकाळपर्यंत तेच डिझाइन चार दुकानं पलीकडे. चोर सापडतो, कारण कोणी पाहिलं याची यादी दिसते. म्हणून हुशार लोकांनी निरोप वाचल्याच्या निळ्या टिक बंद करून ठेवल्यात. त्याने आपण कोणाचं स्टेटस पाहिलं ते त्याला कळत नाही, आणि आपलं कोणी पाहिलं ते आपल्यालाही नाही. अख्खी गल्ली एकमेकांकडे बघतेय आणि यादीत कोणीच नाही. सभ्यता म्हणतात ती हीच!

पण खरी खमंग गोष्ट यापुढे आहे, जरा जवळ या.

निळ्या टिक २०१४च्या नोव्हेंबरात आल्या आणि थकबाकीदारांची झोप उडाली. मुंबई उच्च न्यायालयात तर जून २०१८मध्ये एका वसुलीच्या प्रकरणात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी व्हॉट्सॲपवर पीडीएफ करून पाठवलेली नोटीस बजावली गेली असं धरलं. पडद्यावरच्या खुणा सांगतात की नोटीस नुसती पोहोचली नाही, उघडलीही गेली, असं त्यांनी नोंदवलं. घ्या! टाळाटाळीची पिढ्यान्‌पिढ्यांची कला दोन निळ्या रेघांनी कोर्टात उघडी पडली. (पोलिसांचं वेगळं हं. हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर देऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जानेवारी २०२५मध्ये बजावलंय.) त्यात आयकराचा तो नियम आला, छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्या, नाहीतर देईपर्यंत तो खर्च धरणार नाही. मग काय, ज्याने त्याने निळ्या टिक बंद केल्या आणि गाव सुटकेचा श्वास टाकायला मोकळं झालं.

तर कळलं की एक खिडकी बंदच होत नाही. आवाजी निरोप! टिक कितीही बंद करा, व्हॉइस नोट ऐकली की तिच्याजवळचा छोटासा माइक निळा होतोच. हे ज्या दलालाने प्रथम ओळखलं, त्याचा धामणकर नाक्यावर सत्कार व्हायला हवा. आता वसुलीचं एक अक्षर कोणी लिहीत नाही. मी स्वतः पाहिलंय. दलाल मोटारसायकल कडेला घेतो, फोन पापडासारखा आडवा तोंडापुढे धरतो, आणि गोड आवाजात सुरू होतो, "सेठ, सलाम. तबियत कैसी है? घर पे सब खैरियत? अच्छा, वो पिछले महीने का..." पैशाचा विषय मुद्दाम अगदी शेवटी. समोरच्याला वाटतं ऑर्डरचं काही असेल, तो ऐकतो आणि माइक निळा. दलाल पडद्यावर बोट ठेवून मला म्हणतो, "देखा भाभी, सुन लिया." त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून मलाच लाजल्यासारखं झालं. ऐकणारेही काही कमी नाहीत. वसुली दीडपट वेगाने ऐकतात, म्हणजे मनस्ताप तरी लवकर आटपतो.

आणि लिहून तरी कोणत्या लिपीत लिहिणार होते? कारखानदाराचा मुन्शी उर्दूत हिशोब ठेवतो, पद्मानगरातला मालक तेलुगूत विचार करतो, मागावरचा कारीगर पूर्वांचलचा, गोदामाची जागा आगरी पाटलांची, आणि घेणारा मारवाडी. पण बोलायला बसले की सगळ्यांची एकच भिवंडीची हिंदी, तिला ना लिपी लागते ना व्याकरण. लॅपटॉपवाल्या तरुणाने बहुभाषिक चॅटबॉटचे पैसे सांगितले तेव्हा शेठ त्याच्याकडे दयेने बघत होते. अडचण एकच, कारखान्यात मागांच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही. म्हणून हल्ली गल्लीत दर दारासमोर एक माणूस कानाला फोन लावून, भिंतीकडे तोंड करून उभा असतो. नव्या माणसाला वाटतं, सगळं गाव प्रेमात पडलंय.

गोदामांकडे मात्र वेगळा गहजब. माणकोलीपासून पडघ्यापर्यंत हायवेला पसरलेला कारभार, तिथे आवाजापेक्षा फोटो चालतो. बिल्टीचा फोटो, सीलचा फोटो, फाटलेल्या खोक्याचा चारी बाजूंनी फोटो. आणि ते दुष्ट लाइव्ह लोकेशन! पूर्वी ड्रायव्हर सांगायचा, "माणकोलीच्या ट्रॅफिकमध्ये आहे," आणि त्यावर कोणाची शंका घ्यायची हिंमत नव्हती, कारण माणकोलीला ट्रॅफिक असतंच. आता ठिपका पडघ्याच्या ढाब्यावर तासभर निवांत बसलेला दिसतो. इकडून विचारलं तर म्हणे, नेट अडकलंय. नेट अडकलं की पनीर, देव जाणे.

आरसीएसबद्दल विचारताय? आलंय खरं. एसएमएसच्याच खिडकीत फोटो, बटणं, पडताळणीची खूण असं सगळं लेवून. पण लग्नाआधीच बदनाम झालेलं. जून २०२२मध्ये जाहिरातींचा इतका भडिमार झाला, की खुद्द गुगललाच भारतात धंदेवाल्यांचे हे निरोप काही काळ थांबवावे लागले. २०२४मध्ये आयफोनने त्याला घरात घेतलं, तेव्हापासून पुन्हा मिरवतंय. शेठना त्यातलं एवढंच आवडलं की दुकानाचा लोगो दिसतो. टेलिग्राम आमच्याकडे परीक्षा देणाऱ्या मुलांचं. झोहोच्या अरट्टाई या देशी ॲपसाठी २०२५च्या सप्टेंबरात सगळ्यांनी देशप्रेमाने नावं नोंदवली, चार दिवस एकमेकांना नमस्कार केले, आणि उधारीची बोलणी करायला परत व्हॉट्सॲपवर आले.

मिस्ड कॉलचं मात्र मला वाईट वाटतं. केवढी खानदानी पद्धत! एक रिंग म्हणजे गाडी निघाली, दोन म्हणजे पोहोचली, पैसा शून्य. त्या जोरावर बंगळुरूची झिपडायल कंपनी २०१० साली उभी राहिली आणि २०१५मध्ये ट्विटरने ती विकत घेतली. आता रिंग वाजवून फोन ठेवला की लोक उलट फोन करत नाहीत, जाहिरातवाला समजून १९०९ला तक्रार करायची धमकी देतात.

आणि परवाचं तर ताजं ताजं. एका कापडवाल्याने रात्री उशिरा ब्रॉडकास्ट सोडला. एका घेणाऱ्याच्या धंद्याच्या ॲपने आपोआप उत्तर दिलं, 'संपर्क केल्याबद्दल धन्यवाद, दुकान सकाळी उघडेल, ऑर्डर नोंदवण्यासाठी माल आणि संख्या कळवा.' ते वाचून कापडवाल्याच्या ॲपनेही आपोआप आभार मानले आणि मालाची यादी धाडली. दोघेही शेठ घोरत होते. सकाळी कापडवाल्याच्या नातवाने यादी पाहिली, ऑर्डर पक्की समजला आणि टेम्पो भरून रवाना केला. टेम्पो आता समोरच्या दारात उभा आहे, उतरवायला कोणी तयार नाही. एक म्हणतो तू मागवलंस, दुसरा म्हणतो तू पाठवलंस, आणि दोघांच्याही फोनात पुरावा आहे. दलालाला मध्ये घातलंय, तो दोघांना व्हॉइस नोट पाठवतोय, आणि दोघांपैकी कोणीही ऐकायला तयार नाही, कारण माइक निळा होईल ना! टेम्पोवाला तर भाडं दिल्याशिवाय हलणार नाही म्हणून चाकाला टेकून बसलाय. काय होतंय ते बघायलाच निघालेय मी. कळलं की सांगते. मेसेज नाही करत बाई, फोनच लावते.